बिनतोटीचा नळ

बिल ५,८०८ रुपयांचं होतं आणि त्यातले आमच्या कामाचे रुपये होते २२.

हे मला कळलं ते वाचनालयाच्या जिन्याखालच्या टेबलापाशी, ग्रंथपालबाईंच्या समोर बसलेलो असताना. आणि तेही दुसऱ्या महिन्याचे पैसे कापले गेल्यावर. पहिल्या महिन्याचा एसएमएस येऊन गेला होता. पण बँकेचे एसएमएस हल्ली इतके येतात की कामाचा एसएमएस ओटीपी आणि कर्जाच्या आमिषांच्या गर्दीत चिरडून जातो. दुसऱ्यांदा मात्र आकडा डोळ्यांत खुपला. दोन्ही मिळून साडेअकरा हजारांच्या वर गेले होते, तेही माझ्या क्रेडिट कार्डावरून.

आमचं वाचनालय 'क' वर्गातलं आहे. अनुदान हप्त्याने येतं, येतं तेव्हा येतं. जिन्याखाली एक लाकडी कपाट आहे आणि त्यात गावातल्या हौशी मंडळींनी वर्षानुवर्षं हाताने लिहून, चित्रं काढून, दोऱ्याने शिवून ठेवलेलं हस्तलिखित वार्षिक आहे. एकूण ४३ खंड होते, दोन वाळवीने खाल्ले. उरलेले ४१ वाचवायला हवेत म्हणून समितीने ठराव केला आणि मी माझ्या भाच्याचं नाव सुचवलं. तो पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्याला फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय हवा होता. दोघांचीही सोय झाली. त्याने मे महिन्याच्या सुट्टीत खंड स्कॅन केले. सगळं मिळून ११ जीबी भरलं. मग ते त्याने क्लाउडवर चढवलं, शोधायची सोय असलेली छोटी वेबसाइट केली आणि आम्ही समितीच्या सभेत भिंतीवर ती दाखवून टाळ्या घेतल्या. बाई तेव्हापासून त्या सगळ्या प्रकाराला 'ढग' म्हणतात. "ढगावर टाकलंय," असं त्या सभासदांना सांगतात.

खातं उघडताना कार्ड लागलं. भाच्याकडे क्रेडिट कार्ड नव्हतं, मी माझं दिलं. "मामा, ट्रायल आहे, पैसे जात नाहीत," तो म्हणाला. आणि खरंच गेले नाहीत. मुदत संपायच्या सुमारास एक मेल आली. तुमची मोफत चाचणी संपत आहे, सेवा चालू ठेवण्यासाठी खातं अपग्रेड करा. खाली निळं बटण होतं. भाचा परीक्षेत होता. त्याला कशाला त्रास द्यायचा म्हणून ते बटण मीच दाबलं. मोबाइलचा रिचार्ज संपला की आपण नवा मारतो, तसंच काहीतरी असेल अशी माझी समजूत.

त्या बटणाने नेमकं काय झालं हे समजून घ्यायला मला पुढचे दोन महिने लागले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक मुख्यतः माझी होती. शिवाय बटण थोड्याफार फरकाने सगळीकडे तसंच आहे.

*

आधी ते बिल बघू. भाच्याने व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवली आणि बाईंनी एकेक ओळ आपल्या वहीत उतरवून घेतली. त्यांना छापील कागदापेक्षा स्वतःच्या अक्षरावर जास्त विश्वास आहे.

डेटाबेस, २,१४६ रुपये. लोड बॅलन्सर, १,५६६. डिस्क, ८७०. पब्लिक आयपी, ३१८. आणि सगळ्यात शेवटी साठवण, २२. बेरीज ४,९२२, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८८६.

"हा लोड बॅलन्सर म्हणजे काय?" मी विचारलं.

"खूप लोक एकदम साइटवर आले तर त्यांना दोन-तीन सर्व्हरवर वाटून देतो तो."

"आपल्या साइटवर दिवसाला किती लोक येतात?"

"चार. कधी पाच."

"मग कशाला लावलास?"

तो थोडा घुटमळला. "एक्स्टर्नलला दाखवायला, मामा."

ज्यांच्या घरात इंजिनिअरिंगचं मूल आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल, आकृतीत चौकोन जास्त दिसले की खूश होतात. चार वाचकांच्या वाचनालयापुढे असा वाहतूक पोलीस उभा राहिला, परीक्षा झाल्यावरही तिथेच उभा राहिला, आणि तासावर त्याचा पगार चालू राहिला.

डिस्कची गोष्ट आणखी बोधप्रद. भाच्याने परीक्षेनंतर सर्व्हर बंद केला होता, त्याची तशी ठाम आठवण होती. कन्सोलमध्ये सर्व्हरपुढे लाल ठिपका दिसतही होता. पण 'स्टॉप' करणं वेगळं आणि 'डिलीट' करणं वेगळं. सर्व्हर थांबला की त्याच्या प्रोसेसरचं भाडं थांबतं. त्याला जोडलेली १०० जीबीची डिस्क मात्र तुमच्या नावावर जागा अडवून बसते आणि तिचं भाडं चालूच राहतं. घर बंद करून गावाला गेलो म्हणून सोसायटी मेंटेनन्स माफ करत नाही, तसं. पब्लिक आयपीचंही तेच. हे आकडी पत्ते जगात आता टंचाईचे झालेत. अ‍ॅमेझॉनने तर १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावला, वापरात असो वा नसो. अर्धा सेंट ऐकायला काहीच वाटत नाही. महिन्याचे ७३० तास धरले की साडेतीन डॉलरच्या वर जातं.

आणि डेटाबेसचं एक ठिकाणचं वागणं तर मला गमतीचं वाटलं. अ‍ॅमेझॉनची जी तयार डेटाबेस सेवा आहे ती तुम्ही थांबवली, तर सात दिवसांनी आपोआप पुन्हा चालू होते. देखभालीची अपडेट्स चुकू नयेत हे त्यामागचं कारण. कारण पटण्यासारखं आहे. पण माहीत नसलेला माणूस रविवारी दिवा मालवून निश्चिंत झोपतो आणि पुढच्या रविवारी तो दिवा आपला आपण लागलेला असतो.

बाईंनी वहीतल्या २२ च्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. "म्हणजे आपले ४१ खंड ठेवायचे बावीस रुपये. आणि बाकीचे?"

बाकीचे एक्स्टर्नलचे.

*

आता निळ्या बटणाकडे.

क्लाउड विकणाऱ्या तिन्ही मोठ्या कंपन्या नव्या गिऱ्हाइकाला काही ना काही फुकट देतात. फुकटच्या काळात तुमच्या खिशाभोवती एक भिंत असते, पण प्रत्येकाची भिंत वेगळी. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युरवर ३० दिवसांसाठी २०० डॉलरचं क्रेडिट मिळतं आणि तिथल्या भिंतीला सरळ 'स्पेंडिंग लिमिट' असं नाव आहे. क्रेडिट संपलं की यंत्रं थांबतात, साठवलेला डेटा वाचता येतो पण त्यात भर घालता येत नाही, आणि कार्डावरून एक पैसा जात नाही. विद्यार्थ्यांसाठी १०० डॉलरचं वेगळं खातं आहे, १२ महिन्यांचं, त्याला कार्डच मागत नाहीत. भाच्याला हे तेव्हा माहीत असतं तर हा लेख झाला नसता. गुगलकडे ३०० डॉलर आणि ९० दिवस. तिथेही तुम्ही स्वतः होऊन पूर्ण खातं सुरू केल्याशिवाय वसुली होत नाही. मुदत संपली की सगळं थांबतं आणि उचलून न्यायला ३० दिवस मिळतात.

अ‍ॅमेझॉनची गोष्ट लांबची आहे. त्यांनी २०१० मध्ये जी मोफत पायरी सुरू केली, तिला भिंतच नव्हती. १२ महिने, दर महिन्याला छोट्या सर्व्हरचे ७५० तास फुकट. ७५० का? तर ३१ दिवसांच्या महिन्यात ७४४ तास असतात. म्हणजे एक सर्व्हर अख्खा महिना चालला तरी सहा तास उरतात. पण पोरं प्रयोगाला दोन सर्व्हर लावायची. मग पंधरवड्यात तास संपायचे आणि सोळाव्या दिवशी मीटर सुरू व्हायचं, मोफत वर्षाच्या पहिल्याच महिन्यात. 'फ्री टिअर'मध्ये बिल कसं आलं म्हणून रडणाऱ्या मुलांची एक अख्खी पिढी त्यातून गेली. १५ जुलै २०२५ पासून नव्या खात्यांना हा प्रकार बदलला. आता आल्याबरोबर १०० डॉलरचं क्रेडिट, काही धडे पूर्ण केले तर आणखी १०० पर्यंत. मोफत योजना घेतली तर सहा महिने किंवा क्रेडिट संपेपर्यंत, जे आधी होईल ते, आणि मग खातं बंद. परत यायचं तर ९० दिवसांत पैसे भरणारं गिऱ्हाईक म्हणून या. त्या धड्यांतला एक धडा म्हणजे स्वतःचं खर्चाचं बजेट लावणं. तेवढं केलं की २० डॉलर मिळतात. पंधरा वर्षांच्या रडण्याला मिळालेली ही पोचपावती, असं मी समजतो.

फुकट कुठे मिळतं याचेही नियम आहेत. गुगलचा कायमचा मोफत सर्व्हर फक्त अमेरिकेतल्या तीन ठिकाणी आहे: ओरेगन, आयोवा आणि साउथ कॅरोलायना. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात डेटा सेंटर आणलं, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत, गुगलनेही २०१७ मध्ये मुंबईच धरली. त्यामुळे आपल्याकडचा शहाणा मुलगा विचार करतो की जवळचं ठिकाण घ्यावं, साइट लवकर उघडेल. तो गुगलकडे मुंबई निवडतो आणि मोफतच्या यादीतून बाहेर पडतो. सातासमुद्रापारचा सर्व्हर फुकट, दारातला विकत.

हे सगळं मी वाचत गेलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. या भिंती फक्त फुकटच्या काळापुरत्या आहेत. अ‍ॅझ्युरची ती 'स्पेंडिंग लिमिट' घ्या. तिची रक्कम तुम्हाला बदलता येत नाही. क्रेडिट जेवढं, मर्यादा तेवढी. 'वापराल तेवढे पैसे' या प्रकारात गेलात की ती मर्यादा नाहीशी होते, आणि त्या प्रकारात ती मागूनही मिळत नाही. म्हणजे ज्या दिवशी स्वतःचे पैसे खर्च व्हायला लागतात, नेमक्या त्या दिवशी कुंपण काढून नेतात. कंपनीचे पैसे जात होते तोवर नळाला तोटी होती. माझे जायला लागले तेव्हा तोटी गेली आणि तिच्या जागी घंटा आली.

*

त्या घंटेला 'बजेट' म्हणतात. या नावानेच निम्मा घोटाळा केलाय.

आपल्याकडे बजेट म्हणजे ठरवलेली रक्कम. घरात बजेट संपलं की दिवाळीला पडदे येत नाहीत. वाचनालयाचं बजेट संपलं की मासिकं बंद होतात. क्लाउडच्या कन्सोलमध्ये तुम्ही हजार रुपयांचं बजेट लावलंत तर खर्च हजारावर थांबत नाही. गुगलकडे आपोआप येणारे टप्पे ५०, ९० आणि १०० टक्के असे आहेत. त्या प्रत्येक टप्प्यावर मेल येते. १०० टक्क्यांची मेल आल्यावरही यंत्रं तशीच चालतात. १,००० टक्के झाले तरी चालतात. कंपन्या हे लपवत नाहीत, त्यांच्या मदतपानांवर ते स्पष्ट लिहिलेलं असतं. पण शब्द 'बजेट' असल्यावर मदतपान कोण उघडतं?

शिवाय घंटा उशिरा वाजते. अ‍ॅमेझॉनच्या बजेटमधला हिशेब दिवसातून जास्तीत जास्त तीनदा ताजा होतो, म्हणजे साधारण आठ ते बारा तासांनी. पाण्याची टाकी भरून वाहायला लागल्यावर आठ तासांनी शेजारी येऊन सांगतो, तुमची टाकी भरली बरं का.

उशिराची किंमत किती होऊ शकते, याचं एक उदाहरण २०२० च्या शेवटी बरंच गाजलं. एक छोटी स्टार्टअप, वेब पानं गोळा करणारा प्रोग्राम, गुगलच्या क्लाउडवर पहिली चाचणी. बजेट लावलं होतं सात डॉलरचं. प्रोग्रामात एक पान दुसऱ्याला बोलवत होतं, दुसरं पुन्हा पहिल्याला, आणि क्लाउड आज्ञाधारकपणे नवनवी यंत्रं उभी करत होता. डेटाबेस वाचल्याच्या नोंदी शंभर अब्जांच्या वर गेल्या. काही तासांत बिल झालं ७२,००० डॉलर. घंटेची मेल आली तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. गुगलने ते बिल पुढे माफ केलं.

दुसरा प्रकार याहून विचित्र. २०२४ मध्ये एका डेव्हलपरने अ‍ॅमेझॉनवर साठवणीचं एक रिकामं खातं उघडलं. त्यांच्या भाषेत बकेट, म्हणजे बादलीच. दोन दिवसांनी बघतो तर बिल १,३०० डॉलरच्या वर. कुठल्या तरी मोफत सॉफ्टवेअरने नमुना म्हणून जे नाव वापरलं होतं, नेमकं तेच नाव त्याने बादलीला दिलं होतं. जगभरातल्या यंत्रांनी एका दिवसात जवळजवळ दहा कोटी वेळा तिच्यात काहीतरी ओतायचा प्रयत्न केला. एकही थेंब आत गेला नाही, सगळ्यांना दार बंद मिळालं. पण दार ठोठावल्याचे पैसे घरमालकाला लागत होते. बोंबाबोंब झाल्यावर अ‍ॅमेझॉनने मे महिन्यात नियम बदलला आणि अशा नाकारलेल्या ठोठावण्याचे पैसे घेणं थांबवलं. त्याचं बिलही माफ झालं, मात्र हा अपवाद समजावा असं सांगून.

दोन्ही गोष्टींत शेवटी माफी आहे आणि माझा राग तिच्यावरच आहे. बिल फुगलं की मेल करा, हात जोडा, ते बहुधा सोडून देतात, असा सल्ला मलाही तिघांनी दिला. मी तसं केलंही. उत्तर सभ्य आलं. त्यांनी दुसऱ्या महिन्याच्या बिलाएवढं क्रेडिट दिलं. क्रेडिट म्हणजे पैसे परत नव्हेत, तेवढ्याचा आणखी क्लाउड वापरायची मुभा. जिलबी खाऊन पोट बिघडल्याची तक्रार केली आणि हलवायाने जिलबीचंच कुपन दिलं. मोठा आवाज असलेल्याला माफी, गप्प बसणाऱ्याला बिल, असा हा व्यवहार आहे. सावकाराकडे जाऊन गयावया करण्याची कला ज्याला अवगत आहे त्याचंच चालतं.

*

मग कंपन्या खर्चावर झाकण का लावत नाहीत?

हा प्रश्न मी माझ्या जुन्या मित्राच्या मुलीला विचारला. ती हिंजवडीत एका कंपनीत हेच काम करते. कोणत्या टीमने किती क्लाउड उधळला याचा हिशेब ठेवायचा आणि उधळणाऱ्याला शोधून काढायचं. या कामाला आता फिनऑप्स असं भारदस्त नाव आहे.

"काका, समजा तुमचं मिठाईचं दुकान आहे," ती म्हणाली. "दिवाळीत सगळ्यात जास्त गिऱ्हाईक येतं आणि त्याच दिवशी विजेचं बिल ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं. महावितरणने तुमचं मीटर दुपारी बारा वाजता तोडलं तर चालेल?"

नाही चालणार.

"मोठ्या कंपन्यांना तेच भय असतं. सेवा बंद पडण्याचं नुकसान बिलापेक्षा मोठं. आणि दुसरं असं की थांबवणं म्हणजे काय थांबवणं? यंत्र थांबवता येतं. तुमचे ते हस्तलिखिताचे खंड कसे थांबवणार? ते तिथे ठेवलेत तोवर भाडं लागणार. भाडं शून्य करायचं तर ते पुसायला लागतील. मर्यादा ओलांडली म्हणून रात्री दोन वाजता तुमचे ४१ खंड पुसून टाकले, हे तुम्हाला आवडेल?"

तिचं म्हणणं बिनतोड होतं. गुगल आपल्या मदतपानांवर स्वतःच युक्ती सांगतं की बजेटची घंटा वाजली की एक छोटा प्रोग्राम जागा व्हावा आणि त्याने बिलिंगच तोडून टाकावं. पण त्याच पानावर इशाराही आहे की असं केलंत तर काही गोष्टी कायमच्या जाऊ शकतात. अ‍ॅमेझॉनकडे बजेटला जोडून ठरावीक सर्व्हर किंवा डेटाबेस थांबवायची सोय आहे, म्हणजे अर्धी तोटी. पण ती कुठली यंत्रं थांबवायची हे आधी नेमून द्यावं लागतं, आणि नवख्या माणसाला बुडवणारं यंत्र नेहमी तेच असतं जे आपण उभं केलंय हे त्याला आठवत नाही.

तरीही मी तिला एक विचारलं. दुकानदाराला शटर पडायला नको हे खरं. पण आमच्या वाचनालयाची साइट महिनाभर बंद राहिली तर कुणाचं काय अडणार आहे? चार वाचक बाईंना फोन करतील. बंद पडलं तर चालेल, पण पैसे जायला नकोत, असं म्हणणारं गिऱ्हाईकही असतंच की. त्याला निवड का नाही? यंत्रं थांबवा, साठवण राहू द्या, बावीस रुपये लावा. अ‍ॅझ्युरची भिंत फुकटच्या काळात नेमकं हेच करते. म्हणजे करता येतं.

ती हसली. "येतं की. गुगलच्या अ‍ॅप इंजिनला पूर्वी रोजच्या खर्चाची मर्यादा घालता यायची. नंतर काढून टाकली त्यांनी."

का काढली, यावर तिने खांदे उडवले. मी माझ्यापुरता निष्कर्ष काढला. हिशेब उशिरा लागतो हे खरं आहे, शटरचं भयही खरं आहे. पण ज्या घरात अडचणीची सगळी उत्तरं मालकाच्या फायद्याच्या बाजूलाच पडतात, तिथे पाहुण्याने जरा जपूनच जेवावं.

*

यात एक झाकण आपल्या रिझर्व्ह बँकेचं आहे, आणि ते माझ्या अगदी बोटाशी येऊन निसटलं.

१ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना रिझर्व्ह बँकेने नियम लावले. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं, आणि रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर ओटीपीशिवाय कापायची नाही. तेव्हा परदेशी सेवा विकणाऱ्यांची मोठी धांदल उडाली होती. पुढे जून २०२२ मध्ये ही मर्यादा १५,००० केली. माझं बिल ५,८०८. जुनी मर्यादा असती तर ओटीपी आला असता, मी दचकलो असतो, भाच्याला फोन लावला असता. नव्या मर्यादेत ते मुकाट गेलं. २४ तास आधीचा एसएमएस आलाच होता, हेही मला नंतर खाली सरकवत सरकवत सापडलं.

पण या झाकणावरही फार विसंबू नये. ओटीपी दिला नाही तर पैसे कापले जात नाहीत एवढंच, बिल उभंच राहतं. कार्ड रद्द केलं, रिकामं प्रीपेड कार्ड जोडलं, असल्या क्लृप्त्या कॉलेजच्या पोरांत फार चालतात. भाच्याच्या होस्टेलवर तर त्याचं शास्त्रच आहे. पण मीटर कार्डाला विचारून फिरत नाही. देणं साचत राहतं, स्मरणपत्रं येतात, मग खातं गोठवतात. दूधवाला दार वाजवतोय आणि आपण आत दिवा मालवून बसलोय, तसला तो प्रकार.

*

भाचा दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा आम्ही तिघांनी जिन्याखाली बसून आवराआवर केली. त्याने एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. आधी लोड बॅलन्सर. मग डेटाबेस, त्यातल्या अनुक्रमणिकेची साधी यादी करून घेऊन. मग डिस्क, आयपी. प्रत्येक वेळी पडदा विचारायचा, खरंच काढायचं ना? एका ठिकाणी तर वस्तूचं नाव अक्षर न् अक्षर टाइप करायला लावलं. उभं करताना एका क्लिकमध्ये होतं, काढताना परीक्षा द्यावी लागते. काढून झाल्यावर भाच्याने जगातली सगळी ठिकाणं एकेक करून तपासली, कारण चुकून दुसऱ्याच ठिकाणी उभं केलेलं यंत्र मुंबईच्या यादीत दिसत नाही. सिंगापूरला एक जुनी प्रत सापडली. तिचं बिल अजून पैशांत होतं, रुपयाला पोचलं नव्हतं.

"ही कुणी ठेवली?" बाईंनी विचारलं.

"मीच असणार," भाचा म्हणाला. "आठवत नाही."

शोधायच्या सोयीऐवजी आता साधं पान आहे, त्यावर ४१ ओळी, प्रत्येक ओळीखाली एक खंड. एक्स्टर्नलने याला दहापैकी दोनसुद्धा दिले नसते. महिन्याचं बिल २२ रुपये, जीएसटी धरून २६. समितीने ते मंजूर केलं. साडेअकरा हजारांचं मात्र कुठलंही खातं सापडेना. 'किरकोळ खर्च'मध्ये बसत नाही, 'ग्रंथखरेदी'त घातलं तर लेखापरीक्षक विचारणार ग्रंथ कुठे. शेवटी मी ते देणगी म्हणून लिहून दिलं. बाईंनी रीतसर पावती फाडली. देणगीदारांच्या फलकावर नाव लिहायचं का विचारलं, मी नको म्हटलं.

बजेट लावलं ४० रुपयांचं. कमीत कमी किती लावता येतं बघू म्हणून भाच्याने आधी एक रुपया लावला होता, मग हसून ४० केले. ५० टक्क्यांचा टप्पा २० रुपयांवर पडतो आणि साठवणीचं भाडं रोज थोडं थोडं चढतं. त्यामुळे दर महिन्याच्या २७-२८ तारखेला, न चुकता, सूचना येते. मेल बाईंच्या नावावरही जाते, कारण माझ्या वाचण्यावर आता कुणाचाच विश्वास राहिलेला नाही. मेल आली की त्या वहीत तारीख घालतात आणि मला फोन लावतात.

"सर, ढग वाजला."

"किती?"

"एकवीस रुपये पाच पैसे. काही बंद करायचंय का?"

"नको. राहू द्या."

"मग लिहिते, पाहिले," असं म्हणून त्या फोन ठेवतात.